मीटिंगमधे गप्प बसणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न (उद्यमबागपासून खानापूरपर्यंत)

काम चांगलं येतं, डोक्यात मुद्दाही तयार असतो, पण मीटिंग संपून पार्किंगमधे गाडी काढताना आठवतं की अरे, ते बोलायचं राहिलंच. अशा लोकांसाठी हे पान आहे. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेच्या फौंड्री (लोखंडाचं ओतकाम) आणि मशीनशॉपमधले, पतसंस्थेतले, शाळा-कॉलेजातले, निपाणी-चिकोडीत घरी बसून पुण्या-बेंगळूरच्या कंपनीचं काम करणारे, सगळे फिरून फिरून तेच विचारतात म्हणून एकत्र लिहून काढलंय. माझं काम बऱ्याच मीटिंगमधे मिनिट्स, म्हणजे मीटिंगची नोंद लिहायचं असतं, त्यामुळं कोण बोलतं, कोण बोलता बोलता थांबतं आणि कुणाचा मुद्दा कुणाच्या नावावर जातो हे फुकटात बघायला मिळतं. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. आणि "जरा बोलके व्हा" हा सल्ला इथं कुठंही मिळणार नाही.

इंट्रोव्हर्ट म्हणजे लाजाळूच ना?

नाही. लाजाळू माणसाला बोलायचं असतं पण लोक काय म्हणतील याची भीती असते. इंट्रोव्हर्टला भीती असेलच असं नाही, त्याला फार वेळ गर्दीत बसलं की दमायला होतं आणि बोलायच्या आधी मनात एकदा मांडून बघायची सवय असते, एवढंच. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं १९२१ साली हे अंतर्मुख-बहिर्मुख प्रकरण पुस्तकातून मांडलं, आता मानसशास्त्रवाले दोन कप्पे करत नाहीत, बहुतेक लोक मधेच कुठंतरी असतात म्हणतात. गणपतीत ढोल बडवणारं, गल्लीत सगळ्यांना हसवणारं पोरगं मीटिंगमधे मुकं होतं असंही बघितलंय. आणि टेबलावरचे सगळेच गप्प असतील तर तो इंट्रोव्हर्टपणा नाही, तो साहेबांचा स्वभाव.

मी तोंड उघडेपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. माझंच डोकं स्लो आहे का?

डोकं स्लो नाही, गॅपच तेवढी नसते. जगातल्या दहा भाषांमधलं रोजचं बोलणं मोजून २००९ मधे एक अभ्यास आला, एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदाच्या आसपास लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आता गंमत बघा, एक साधा शब्द मनात येऊन तोंडातून बाहेर पडायलाच ६०० मिलिसेकंद तरी जातात. मग लोक एवढ्या पटकन कसे बोलतात? समोरचा बोलत असतानाच ते आपलं वाक्य तयार करत असतात, त्याचं ऐकणं अर्ध्यावर सोडून. जो शेवटपर्यंत नीट ऐकतो, मग विचार करतो, मग बोलायला जातो तो दर वेळी मागं पडणार, यात त्याचा काय दोष.

दुसरी गोष्ट वाट बघण्याची. जर्मनीत ट्युबिंगेनला डील आणि श्ट्रोबे या दोघांनी १९८७ मधे प्रयोग करून दाखवलं की एकत्र बसून आयडिया काढणारा ग्रुप वेगवेगळं बसून काढणाऱ्या तेवढ्याच माणसांपेक्षा कमी आयडिया काढतो. मोठं कारण हेच की एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता आपला मुद्दा विसरतात नाहीतर आता शिळा झाला म्हणून गिळून टाकतात. हे तुम्हाला ओळखीचं वाटलं असणार.

म्हणून मीटिंगमधे बसल्यावर पटकन विचार करायची प्रॅक्टिस करू नका, तो तुमचा प्रांतच नाही. वाक्य घरून तयार करून आणा, मुद्दा कागदावर ठेवा म्हणजे तो विसरत नाही, आणि आपोआप गॅप मिळेल म्हणून वाट बघत बसू नका.

मग मधे शिरायचं कसं, उद्धटपणा न करता?

फौंड्रीतली सकाळची प्रॉडक्शन मीटिंग घ्या. सगळे उभे, वेळ पंधरा-वीस मिनिटं, मागं कंप्रेसरचा आवाज, मोल्डिंग, मेल्टिंग, फेटलिंग, मशीनशॉप, डिस्पॅच सगळे गोल करून आणि क्वालिटीचं एक पोरगं डायरी छातीशी धरून कडेला. पंपाच्या हाऊसिंगमधे ब्लोहोल, म्हणजे ओतकामात हवेची भोकं आलेत. मोल्डिंगवाले म्हणतात मेटल बघा, मेल्टिंगवाले म्हणतात सॅण्ड, म्हणजे साच्याची वाळू बघा, बाहेर जुलैचा पाऊस कोसळतोय आणि दोघांचाही आवाज त्याच्यावर. डायरीत लिहिलेलं असतं की रात्रपाळीत सॅण्डचं मॉइश्चर (ओल) नेहमीपेक्षा वर होतं आणि खराब पीस बरोबर त्याच पाळीतले. एवढं एक वाक्य पडलं तर भांडण तिथंच थांबतंय. पण पोरगं सुरू करतं "सर, म्हणजे मला असं वाटतंय की कदाचित..." आणि त्या कदाचितपर्यंत पोचायच्या आत डिस्पॅचवाला ट्रक कधी भरायचा म्हणून ओरडायला लागलेला असतो.

यात बदलायचं ते पहिले चार-पाच शब्द. त्यात मत नको, वस्तू टाका: आकडा, पाळी, पीस नंबर, तारीख. "सर, रात्रपाळीचं मॉइश्चर रीडिंग आहे माझ्याकडं." बस, थांबा. पुढचं सांगायची घाई करू नका. कोणीतरी "किती आहे?" विचारणारच, आणि एकदा विचारलं की बोलायची पाळी तुमची झाली, आता मधे तोडणाराच उद्धट ठरतो. ही युक्ती मला सगळ्यात जास्त वेळा चालताना दिसलीय, आरडाओरड न करता.

बाकी बारीक गोष्टी. बोलायच्या आधी अर्धं पाऊल पुढं या, बसला असाल तर मागं टेकून राहू नका, डायरी उघडा, पेन वर करा. ज्याचं बोलणं चालू आहे त्याच्याकडं बघत राहू नका, मीटिंग चालवणाऱ्याकडं बघा, बोलायची पाळी तोच देतो. पहिला शब्द जरा मोठ्यानं, नंतर तुमच्या नेहमीच्या आवाजात चालतं, कारण तोवर माना वळलेल्या असतात. आणि "सॉरी हं, एक छोटंसंच, चुकत असलो तर सांगा" ही शेपूट कापून टाका. आदर "सर" म्हटल्यावर आलाच की.

मीटिंगच्या आधी काही करता येतं का?

खरं काम आधीच असतं. आदल्या दिवशी अजेंडा मागा. कित्येक ठिकाणी अजेंडा नावाची गोष्टच नसते, तिथं एक मेसेज टाका, "सर, उद्या रिजेक्शनवर बोलायचं असेल तर मी आठवड्याचे आकडे आणतो." या मेसेजचा फायदा असा की उद्या तुम्हाला मधे शिरावंच लागत नाही, साहेबच विचारतात, "हां, आकडे आणलास काय?"

एक माणूस आधी गाठा. कँटीनला चहा घेताना सांगा की मी हे हे मांडणार आहे, तुला पटतं का बघ. पटलं तर तो तिथं नुसता "हो, बरोबर आहे" एवढं म्हणाला तरी पुष्कळ. सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग यासाठीच प्रसिद्ध आहेत: सगळा ग्रुप डोळ्यांसमोर दिसणाऱ्या रेषेची लांबी चुकीची सांगत असला की एकटा माणूस बऱ्याचदा त्यांच्या होत हो मिळवायचा, पण ग्रुपमधला एक जण जरी खरं बोलला तर हे वाहवत जाणं कितीतरी कमी व्हायचं. एकच जण पुरतो, टोळी नको.

आणि सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटांत काहीतरी बोलून घ्या. "मागच्या वेळचा गेजचा पॉइंट झालाय सर" एवढं साधं असलं तरी चालतं. जितका उशीर कराल तितकं पहिलं वाक्य जड होत जातं, शिवाय शेवटी शेवटी सगळ्यांचं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडं.

पाच मुद्दे लिहून नेऊ नका. एक, फार तर दोन.

आमच्याकडं मीटिंग अर्धी कन्नडमधे, थोडी हिंदीत आणि मालक इंग्लिशमधे. मी मराठी मीडियमचा. मी तर डबल गप्प!

हा प्रश्न आपल्याकडचाच, पुण्याच्या माणसाला सांगून समजायचा नाही. आधी एवढं तपासा की नक्की अडलंय कुठं. मराठीतल्या मीटिंगमधे, समजा तालमीच्या नाहीतर गणेश मंडळाच्या बैठकीत, तुम्ही बोलता का? बोलत असाल तर तुमचा प्रॉब्लेम स्वभावाचा नाही, भाषेचा आहे, आणि तो सुटायला सोपा. तिथंही गप्प असाल तर भाषा हे निमित्त, वरचे उपाय करा.

भाषेचं म्हणाल तर बेळगावच्या टेबलावर एका वाक्यात तीन भाषा येतात आणि कुणाच्या भुवया वर जात नाहीत. "ई बॅचन्याग ब्लोहोल भाळ अदाव री, रात्रपाळीचं रीडिंग देख लो सर" (या बॅचमधे ब्लोहोल फार आहेत, रात्रपाळीचं रीडिंग बघा) असं बोलून लोक रिटायर होईपर्यंत नोकऱ्या करतात. व्याकरण तपासायला कोणी बसलेलं नसतं. मोडकंतोडकं बोललं तर हसतील ही भीती मराठी पोरांना जास्त असते, प्रत्यक्षात कन्नड बोलणारा सीनियर माणूस तुम्ही दोन शब्द कन्नड बोलला की उलट सरसावून मदत करतो, उरलेलं वाक्य तोच पूर्ण करून देतो. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वाक्यं पाठ करून ठेवा: "ओंद निमिष री" (एक मिनिट हं), "नन हत्र डेटा ऐति" (माझ्याकडं डेटा आहे). तेवढं झालं की पुढं हिंदीत नाहीतर येईल त्या भाषेत. पाठ केलेल्या वाक्याचा आणखी एक फायदा, ते तोंडातून बाहेर पडायला विचार करावा लागत नाही, मगाशी सांगितलेल्या २०० मिलिसेकंदात बसतं.

सरकारी खात्यात असाल तर गोष्ट वेगळी, तिथं लिखापढी कन्नडमधेच, कर्नाटकाचा राजभाषा कायदा १९६३ पासूनचा आहे. तिथं आपलं टिपण आधी लिहून कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्याच्या नजरेखालून घालून घ्या आणि मीटिंगमधे ते वाचून दाखवा. वाचून दाखवण्यात कमीपणा काही नाही, मोठे मोठे अधिकारी वाचूनच दाखवतात.

कोणी भाषेवरून टोमणा मारलाच तर तिथं वाद घालू नका, आकडा सांगा आणि पुढं चला, बाहेर आल्यावर त्या माणसाला गाठून काय ते बोला. सीमाभागाचा हा १९५६ पासूनचा प्रश्न आहे, पंधरा मिनिटांच्या प्रॉडक्शन मीटिंगमधे सुटणार नाही.

मोल्डिंगचे मामा माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांचं चुकतंय हे चारचौघांत कसं सांगायचं?

चारचौघांत सांगायचंच नाही. मीटिंगच्या आधी शॉपमधे जा, डायरी उघडून त्यांच्यापुढं धरा, "मामा, हे रीडिंग बघा की, मला काय समजंना झालंय." निम्म्या वेळा मामा स्वतःच म्हणतात, "अरे, सॅण्डच्या मिक्सरला पाणी जास्त झालंय रात्री." मग मीटिंगमधे ते बोलतील नाहीतर तुम्ही बोला, "मामांनी बघितलंय, मिक्सरच्या पाण्याचं आहे" म्हणून. श्रेय त्यांना जातं, जाऊ द्या, काम झालं आणि पुढच्या वेळी मामा तुमच्या बाजूनं उभे.

आधी भेटायला वेळच मिळाला नाही तर मीटिंगमधे प्रश्नाच्या रूपात घाला: "मामा म्हणतायत तसं मेटल बघूयाच, सोबत रात्रपाळीचं सॅण्ड रीडिंग पण लावून बघूया का?"

पण सेफ्टीला हा नियम नाही. ओला स्क्रॅप फर्नेसमधे चाललाय, क्रेनची चेन झिजलीय असं दिसलं तर वय, मान, स्वभाव सगळं बाजूला, जागच्या जागी "थांबा" म्हणून ओरडायचं. वितळलेल्या लोखंडात पाणी गेलं तर त्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो, तिथं प्रश्नाच्या रूपात बोलायला वेळ नसतो.

मी बोलत असले की मधेच तोडतात. बाई आहे म्हणून जास्त होतं का हे?

होतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या सुनावण्यांच्या नोंदी तपासून २०१७ मधे एक अभ्यास आला, तिथल्या महिला न्यायमूर्तींनासुद्धा पुरुष न्यायमूर्तींपेक्षा कितीतरी जास्त वेळा मधे तोडलं जातं असं त्यात निघालं. काळा झगा घालून वर बसलेल्या बाईची ही गत, तर आपल्या संस्थेच्या स्टाफ मीटिंगचं काय सांगायचं.

सुरुवातीलाच मुद्दे मोजून सांगा, "दोन गोष्टी आहेत." पहिली झाल्यावर कोणी घुसलं तर तुम्हाला "दुसरी राहिलीय" म्हणता येतं आणि ते भांडण वाटत नाही. कोणी तोडलंच तर आवाज न वाढवता तेच वाक्य त्याच वेगानं पूर्ण करा, थांबलात तर पाळी गेली. नाहीतर सरळ, "एवढं संपवते सर, मग तुमचं घेऊया." सगळ्यात चांगलं म्हणजे दुसऱ्या कोणीतरी म्हणणं, "मॅडमचं पूर्ण होऊ द्या." हे दुसऱ्यासाठी म्हणायला फार धाडस लागत नाही, इंट्रोव्हर्ट माणसंही म्हणू शकतात. तुम्ही कुणासाठी म्हटलंत की ती व्यक्ती तुमच्यासाठी म्हणते, मी हे होताना बघितलंय.

माझीच आयडिया दुसऱ्यानं मोठ्या आवाजात सांगितली आणि वाहवा त्याला!

चिडून "हे मी आधीच बोललो होतो" म्हटलं तर तुम्हीच बारीक दिसता. त्यापेक्षा, "बरोबर, मगाशी मी म्हणत होतो तेच, आणि त्याचा खर्च असा येतो" असं म्हणून पुढचा तुकडा घाला, जो फक्त तुम्हालाच माहीत आहे. ज्यानं आयडिया उचलली त्याच्याकडं पुढचा तुकडा नसतो. संध्याकाळी दोन ओळींचा मेलही टाका. आणि मिनिट्स लिहिणारा जो कोणी असेल त्याच्याशी सलोखा ठेवा, हे मी स्वार्थानं सांगत नाहीये, थोडं सांगतेय.

एकदम माझ्याकडं वळून "तुझं काय मत?" विचारलं की मी ब्लँक होतो.

दोन-तीन वाक्यं खिशात ठेवा. "मी ऐकत होतो त्यात मला दोन बाजू दिसतात" हे सगळ्यात उपयोगी, कारण तुम्ही खरंच ऐकत असता आणि ते सांगता सांगता मत तयार होतं. "आकडे बघून अर्ध्या तासात सांगतो सर" हेही चालतं, पण मग अर्ध्या तासात सांगायचंच, एकदा जरी विसरलात तर ही सोय कायमची बंद. "माझं काय नाही, सगळे म्हणतील तसं" हे मात्र कधीही नको.

बोलायच्या आधी छाती धडधडते, आवाज कापतो.

"शांत हो, शांत हो" असं स्वतःला सांगून फारसं काही होत नाही. ॲलिसन वुड ब्रूक्स यांचं २०१४ मधलं संशोधन आहे, भाषणाच्या आधी स्वतःला "मी एक्साइट झालोय" असं सांगणाऱ्यांचं बोलणं शांत व्हायचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा बरं झालं. धडधड दोन्हीकडं सारखीच असते, तिला काय म्हणायचं तेवढं आपल्या हातात. बाकी साधं: श्वास सावकाश सोडा, पाण्याचा घोट घ्या, कागद हातात धरू नका, टेबलावर ठेवा, हातातला कागद कापरेपणा दुप्पट दाखवतो.

भीती मीटिंगपुरती नसेल, त्यापायी झोप जात असेल, सुट्ट्या पडत असतील, बढती नको वाटत असेल तर तो स्वभाव नाही, त्यावर उपचार असतात. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, फुकट, वेगवेगळ्या भाषांत बोलता येतं. नाहीतर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडं जा. आपल्याकडं अजून लोक लपवून जातात, लपवून गेला तरी चालेल पण जा.

मी घरून काम करतो, सगळं ऑनलाइन कॉलवर. तिथं काय?

तिथं अडचण आणि सोय दोन्ही आहेत. अडचण अशी की नेटमुळं आवाज जरासा उशिरा पोचतो, मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि त्यात जो लाजतो तो कायमचा थांबतो. हात वर करायचं बटण वापरा, ते त्यासाठीच दिलंय. चॅटमधे मुद्दा टाइप करून ठेवा आणि बोलताना म्हणा, "चॅटमधे टाकलंय, त्यावर एक मिनिट." म्यूट काढलेला दिसला की मीटिंग चालवणाऱ्याला कळतं की तुम्हाला काहीतरी बोलायचंय, बऱ्याचदा तो स्वतःच नाव घेतो. कॅमेरा शक्यतो चालू, निदान बोलताना तरी.

खानापूर भागात पावसाळ्यात करंट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून तुमचा मुद्दा कॉलच्या शेवटावर ठेवू नका. आणि मुद्दे आधीच चॅटमधे असले तर तुम्ही कॉलवरून पडलात तरी ते तिथं राहतात.

त्यापेक्षा सरळ मेल नाहीतर व्हॉट्सॲप केलेलं काय वाईट?

वाईट काहीच नाही, लिहिणं हे तुमचं हत्यार आहे. पण निर्णय मीटिंगमधे होत असेल तर नंतर आलेला मेल म्हणजे वरात गेल्यावर आलेला घोडा. मेल आधी पाठवा, चार-पाच ओळींत, आणि मीटिंगमधे फक्त "मी काल पाठवलंय त्यातला दुसरा मुद्दा" एवढं म्हणा. ऑफिसच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकू नका, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली दबून जातो.

चेअरमन साहेबच तासभर बोलतात, कुणालाच चान्स नाही.

मग तुमच्यात काही दोष नाही, चहाची वाट बघा. जे सांगायचं ते आदल्या दिवशी सेक्रेटरीला नाहीतर मॅनेजरला लेखी द्या आणि अजेंड्यावर घ्यायला सांगा.

अप्रेझलमधे "कम्युनिकेशन सुधारा" लिहून आलंय. म्हणजे नक्की काय करू?

तेच त्यांना विचारा, पण नेमकं: "कुठल्या मीटिंगमधे, कुठल्या विषयावर मी बोलायला पाहिजे होतं?" पुष्कळदा साहेबांना एवढंच हवं असतं की कस्टमर ऑडिटला आला की तुम्ही पुढं होऊन उत्तर द्यावं, रोजच्या मीटिंगचं त्यांना काही पडलेलं नसतं. मग तेवढ्याचीच तयारी करा. आणि वर्षभर तुम्ही काय काय मांडलं, त्यातनं काय बदललं हे महिन्याच्या महिन्याला डायरीत लिहीत जा. बोलक्या माणसाचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, तुमचं कागदावर असावं लागतं.

मी स्वतः मॅनेजर आहे. माझी चांगली पोरं गप्प बसतात, त्यांना कसं बोलतं करू?

वरचे सगळे उपाय गप्प बसणाऱ्यानंच करायचे हे मुळात अर्धवट आहे. मीटिंग तुम्ही चालवता, नियम तुमच्या हातात.

प्रश्न विचारून थांबायला शिका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांमधे मोजलं होतं, मास्तर प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, तेच तीन सेकंदांच्या पुढं थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी पोरं बोलायला लागतात. ऑफिसातला साहेब वेगळा नाही, "कुणाला काही?" विचारतो आणि तोंड मिटायच्या आत "नाही ना, मग चला." तीन सेकंद थांबून बघा, पहिल्यांदा फार अवघड जातं.

मोठा विषय असला की आधी सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसून कागदावर लिहू द्या, मग गोल फिरून एकेकाचा एकच मुद्दा घ्या, फळ्यावर लिहा, चर्चा त्याच्यानंतर. यात नवीन काही नाही, १९७० च्या आसपास अमेरिकेत ही पद्धत नीट बांधली गेली. ॲमेझॉनमधे तर २००४ पासून मोठ्या लोकांच्या मीटिंगमधे पॉवरपॉइंट बंद करून लेखी टिपण आणायला लावलं, मीटिंगची सुरुवात सगळ्यांनी ते गुपचूप वाचून. आपल्याकडं सहा पानं कोणी लिहिणार नाही, अर्धं पान पुरे.

सगळ्यात ज्युनियरला आधी विचारा, तुमचं मत शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीच्यांचं फक्त "हो सर" उरतं. पण न सांगता अचानक नाव घेऊन उभं करू नका, "तुझ्याकडं दुसरा येतो, आधी यांचं ऐकूया" एवढं म्हटलं तरी त्याला अर्धा मिनिट मिळतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात तो काय सांगतो बघा.

तुम्ही स्वतः इंट्रोव्हर्ट असाल तर त्यात नुकसान नाही. ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २०११ मधे अमेरिकेतल्या एका पिझ्झा कंपनीच्या शाखांवर केलेला अभ्यास आहे: कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे असतील तर बोलक्या मॅनेजरपेक्षा गप्प मॅनेजरच्या शाखेचा नफा जास्त, कारण तो ऐकतो. उलटंही आहे, कर्मचारी नुसते सांगकामे असतील तर बोलका मॅनेजर बरा. तेव्हा आपली माणसं कशी आहेत ते आधी बघा.

मीटिंग झाली की मी पार गळून जातो. नॉर्मल आहे का?

आहे. लागून दोन मीटिंग ठेवू नका, मधे दहा मिनिटं शॉपमधून नाहीतर गेटपर्यंत एकटं फिरून या.

दर मीटिंगमधे बोललंच पाहिजे का?

अजिबात नाही. ज्या विषयात तुमच्याकडं बाकीच्यांकडं नसलेली माहिती आहे, किंवा निर्णयाचं काम नंतर तुमच्याच गळ्यात पडणार आहे, तिथं बोला. बाकी ठिकाणी खुशाल ऐका. एक अपवाद, मीटिंगच्या शेवटी तुमच्या नावावर काम आणि तारीख लागली असेल आणि ती तारीख जमणार नसेल तर उठायच्या आधी सांगा. "सर, शनिवार जमत नाही, सोमवारी संध्याकाळपर्यंत देतो." तेव्हा गप्प राहिलात तर मिनिट्समधे शनिवारच पडतो, आणि एकदा मिनिट्समधे पडलं की मलाही बदलता येत नाही.